अखंड शिरोरेषा

१

माणसाला अक्कल किती, हे बघायला मला त्याच्याशी बोलावं लागत नाही. अंगठीच्या आत काय कोरायचं ती चिठ्ठी वाचली की पुरतं. गेली एकतीस वर्षं मी एका दागिन्यांच्या दुकानात मागच्या टेबलावर बसते आणि वचनाच्या अंगठ्यांवर अक्षरं कोरते. 'फक्त तुझाच'. 'शेवटच्या श्वासापर्यंत'. 'तू आणि मी, कायम'. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढंच त्यात असतं. फरक इतकाच की ही मंडळी टाळ्याला लावण्याऐवजी सोन्याला लावतात. एकदा एक जण अख्खी कविता घेऊन आला होता. "एवढी बसेल ना?" म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "अंगठीत नाही बसणार. गळ्यात अडकवायला पाटी करून देऊ का?" पुढे गल्ल्यावर बसलेले मालक मोठ्याने खाकरले. मी तोंड उघडलं की ते खाकरतात.

गिऱ्हाइकांना मी मनातल्या मनात नावं ठेवते. एक घामट आहे. त्याच्या हातातली चिठ्ठी नेहमी ओली असते. दोन वर्षांत त्याने तीनदा तीच अंगठी आणली. "मजकूर राहू द्या, नाव तेवढं बदला," असं सांगताना त्याला काडीची लाज वाटली नाही.

लोकांना वाटतं, हिला तरुणपणी कुणीतरी फसवलं असणार. तसलं काही नाही. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसले नाही. माझ्या घरात माझी भाची आहे. बहीण गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आता चोवीस. डोळे घारे म्हणून तिला मी घारीच म्हणते. तिच्यासाठी काय केलं त्याची यादी वाचत नाही, पण तिच्याशिवाय मला कुणी नाही आणि तिच्याशिवाय मला कुणी नकोही आहे. हे मी कशावर कोरून ठेवलेलं नाही.

कामाची एक रीत सांगते, कारण पुढे त्यावरच सगळं आलं. अंगठीच्या आत लिहिताना आधी अक्षरं कोरायची आणि वरची शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात, गोल फिरवत न्यायची. जिथे वाक्य सुरू होतं तिथे केसाएवढी फट सोडायची. फट नसली तर वाचणारा गोल गोल फिरत राहतो, त्याला सुरुवात सापडत नाही आणि शेवटही. माझ्या हाताखाली शिकलेल्यांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचे.

२

तो सकाळी अकराला आला. दुकानात ऊन होतं. फिकट तपकिरी कोट, आणि त्यावर एक सुरकुती नाही. माझ्यासमोरच्या स्टुलावर तो बसला, पाय दुमडले, उठला, तरी गुडघ्यावर घडी पडली नव्हती. मी लगेच त्याचं नाव इस्त्री ठेवलं. असल्या माणसांना कपडे जपायला वेळ असतो, कारण दुसरं काही करायचं नसतं.

त्याने साधी गोल अंगठी पुढे ठेवली. "आत कोरायचंय. 'तुला सोडणार नाही.'"

मला हसू आलं. "हे वचन आहे की धमकी?"

"ते ऐकणाऱ्यावर आहे," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ, दवाखान्यात बोलतात तसा. "आणि वरची रेघ सलग हवी. फट ठेवू नका."

"मग वाक्य कुठून सुरू होतं ते कळणार नाही."

"कळायला नकोच आहे."

एखाद्या समंजस माणसाशी मी वाद घातला असता. याच्याशी कशाला घालायचा? प्रेमात पडलेल्याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी अंगठी शिकंज्यात धरली, डोळ्याला भिंग लावलं आणि कोरून टाकलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच रेघ फिरवत नेऊन तिच्याच शेपटीला जोडली. कोरणी उचलली तेव्हा हाताला थोडं विचित्र वाटलं. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय आपटतो, तसं. मग मी चहा मागवला आणि विसरले.

३

तीन आठवड्यांनी तो परत आला. तीच अंगठी, तोच कोट.

"पुसली गेली आहेत," तो म्हणाला. "पुन्हा कोरून द्या."

"आमची अक्षरं पुसली जात नाहीत," मी ठसक्यात म्हटलं आणि भिंग लावलं.

सोनं झिजतं, पण त्याला वर्षं लागतात. म्हाताऱ्या बायका बोटातून उतरत नाही म्हणून अंगठी कापून घ्यायला येतात, तेव्हा आतली अक्षरं कशी झालेली असतात ते मी शेकडो वेळा पाहिलंय. कडा गोल होतात, काने आधी जातात, मग वेलांट्या, शेवटी नुसत्या सावल्या उरतात. चाळीस वर्षांच्या संसारानंतर अंगठी आतून अशी दिसते. मी कोरलेली ही अंगठी तीन आठवड्यांत तशी झाली होती. 'ड'ला मी खाली एक बारीक गाठ देते, दुसरं कुणी देत नाही. त्या गाठीची सावली अजून तिथे होती.

मी स्वतःला समजावलं. सोनं मऊ असेल. कुणी पावडरने घासली असेल. माझीच कोरणी वर वर चालली असेल, वय झालंय. मालकांकडून सोनं तपासून घेतलं. चोख नव्हतं की हिणकस नव्हतं, जसं हवं तसं होतं.

"पण परत का आणली?" मी विचारलं.

"ती राहिली नाही."

मला वाटलं, सोडून गेली. "शहाणी होती म्हणायची," मी म्हटलं.

मालक खाकरले. इस्त्रीला राग आला नाही. तो मान हलवत म्हणाला, "हो. शेवटी शेवटी फार शहाणी झाली होती."

मी पुन्हा कोरलं, या वेळी खोल. रेघ सलग. पुन्हा तीन आठवडे झाले आणि पुन्हा तो आला. 'ती राहिली नाही' हे त्याने तसंच, त्याच आवाजात सांगितलं. अंगठी पुन्हा चाळीस वर्षं म्हातारी झाली होती.  खरं सांगायचं तर मला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा इतका राग आला की मी त्याच्यावरच डाफरले, "साहेब, तुम्ही बायका बदलता की चपला?"

तो फक्त म्हणाला, "या वेळी माप जरा कमी करा."

४

नेमकी त्याच वेळी घारी दुकानात शिरली. ती दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मी घरी विसरलेला चष्मा द्यायला आली होती.

"मावशे, आज डोळे घरीच ठेवून आलीस काय?" दारातूनच ओरडली. मालक हसले. ती आली की दुकानात सगळेच हसतात.

"किती कमी करायचं?" मी इस्त्रीला विचारलं.

तो पुढे, घारीकडे बघत होता. "त्यांच्याएवढं असेल."

आता या जागी मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. अशा वेळी आम्ही जे नेहमी करतो तेच केलं. मापाच्या कड्या शोधत बसण्यापेक्षा समोर बोट असलं तर आम्ही बोट वापरतो. तिच्या बोटाचं माप नजरेनेच धरून मी अंगठी कापून जोडली, कानस मारली, अक्षरं कोरली, रेघ फिरवून जोडली. घारी तेवढा वेळ मालकांशी गप्पा मारत होती. मग मी हाक मारली, "घारे, इकडे ये. बोट दे."

अंगठी सरकन आत गेली. तिने हात उजेडात धरून बोटं हलवली. सगळ्या मुली हलवतात, तशीच.

"बसली," इस्त्री म्हणाला. तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी अंगठी काढून घेतली. सहज निघाली. पुसून डबीत घालून त्याला दिली. तो गेल्यावर घारी म्हणाली, "किती शांत माणूस आहे गं."

"खांबही शांत असतो," मी म्हटलं. "त्याच्याशी कुणी लग्न करत नाही."

५

नऊ दिवसांनी, रविवारी दुपारी, घारी कपडे वाळत घालत होती. तिच्या बोटात ती अंगठी होती.

माझ्या हातातली कपबशी खाली पडली नाही, तसलं नाटकांत होतं. मी ती नीट टेबलावर ठेवली. 

"काढ ती," मी म्हटलं.

"का?" तिने टॉवेल झटकला. "त्यांनी आमच्या दुकानात येऊन दिलीय. मी हो म्हटलंय."

"त्यांनी! दहा दिवसांची ओळख नाही आणि त्यांनी! घारे, ती अंगठी दोन बायकांच्या बोटांतून उतरून आलेली आहे. मी माझ्या हाताने कोरलीय. काढ."

"निघत नाही," ती म्हणाली, आणि हसली. लाजून नाही. माझी एखादी जुनी खोड माहीत असल्यासारखी. "आणि दहा दिवस काय म्हणतेस? तुला दिवस मोजता येत नाहीत, मावशी."

मी खूप बोलले. नाही नाही ते बोलले. पूर्वी ती उलट उत्तर देऊन मला हसवायची. त्या दिवशी तिने ऐकून घेतलं, म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेतात तसं, आणि मग म्हणाली, "तू जेवून घे बघू. चिडलीस की तुला पित्त होतं."

पुढच्या आठवड्यात ती पेपर हात लांब करून वाचायला लागली. मला वाटलं चेष्टा करतेय. गुरुवारी ती दुकानातून स्वतःसाठी चष्मा घेऊन आली. जवळचा. आपला नंबर तिनेच काढला होता.

"चाळिशी लागली," सहज म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली.

चोवीस वर्षांच्या मुलीला चाळिशी. मी तिच्या दुकानात जाऊन तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, क्वचित असं होतं, ताण असेल, जीवनसत्त्वं द्या. मला ते हवंच होतं, म्हणून मी विश्वास ठेवला. जीवनसत्त्वांची बाटली आणली. केस पांढरा दिसला, तेही जीवनसत्त्व. जिना चढताना ती कठड्याला धरून थांबली, तेही. पण एकदा कपाट लावताना ती म्हणाली, "हे आपल्या त्या दुसऱ्या घरात किती छान बसलं होतं." तेव्हा मात्र मला कुठलं जीवनसत्त्व सुचेना. आमचं दुसरं घर कधी नव्हतं.

६

इस्त्री आमच्या घरी येत नव्हता. घारी बाहेरही जात नव्हती. हल्ली ती अर्धा दिवसच काम करायची, दुपारी दुकानातून आली की खोलीत जायची आणि दार लावायची, एवढंच. मग हा संसार चालला होता कुठे?

बुधवारी मी मालकांना पोटदुखी सांगून दुपारी तीनलाच घरी आले. बाहेर तिच्या चपला होत्या. दुसऱ्या कुणाच्या नव्हत्या. आत आले तर घर गप्प होतं. मग हळूहळू आवाज कळायला लागले.

तिच्या खोलीत भांडी वाजत होती. तिच्या खोलीत भांडी नाहीत. पाण्याचा नळ सुरू झाला आणि बंद झाला. नळही नाही. कुणीतरी जड पावलांनी इकडून तिकडे गेलं. ती पावलं अकरा झाली. ती खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच पावलांची आहे, मी स्वतः तिथे फरशी बसवून घेतलीय. शेजाऱ्यांचा आवाज भिंतीतून येत असेल, असं मी म्हटलं. शेजारी गावाला गेले होते, कुलूप मी येताना पाहिलं होतं. तरीही मी तेच म्हणत राहिले.

मग एक लहान मूल खोकलं. ओला, छातीतला खोकला. आणि घारीचा आवाज आला, "आले रे, आले." आवाज तिचाच होता, पण जाड झालेला, दमलेला आणि फार मायेचा.

दार नीट लागलेलं नव्हतं. मी फटीला डोळा लावला. लांबवर गेलेली एक खोली, पिवळट उजेड, न ओळखीची जमीन. एका खुर्चीच्या पाठीवर फिकट तपकिरी कोट, सुरकुती नसलेला. आणि अगदी दाराजवळ, मला हात लावता येईल इतक्या जवळ, एक हात लहान सदऱ्याची घडी घालत होता. कातडी सैल झालेली. हाडं वर आलेली. बोटात अंगठी इतकी ढिली की घडी घालताना ती पेरापर्यंत घरंगळत होती.

मी मागे झाले. मी हाक मारली नाही. इतरांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलणारी मी, माझ्या पोरीला हाक मारायला माझा आवाज फुटला नाही. पंधरा मिनिटांनी दार उघडून घारी बाहेर आली. चोवीस वर्षांची, केस विसकटलेले. "लवकर आलीस?" म्हणाली. मागे तिची खोली होती, पाच पावलांची.

७

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. बारीक करवत आणि भिंग पिशवीत आदल्या संध्याकाळीच परत दुकानात जाऊन आणून ठेवलं होतं.

दुपारी घारी बाहेरच्या कोचावर झोपली. हल्ली तिला दुपारची झोप लागायची, आणि उघड्या तोंडाने लागायची. मी जमिनीवर बसले आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. अंगठी पेरापर्यंत सरकत होती, पुढे मात्र नाही. मी ती तिरपी केली आणि भिंग लावून आत पाहिलं. 'तुला' गेलं होतं. 'सोडणार' नुसती सावली. 'नाही' तेवढं अजून वाचता येत होतं, आणि मी बघत असतानाच त्याच्या वेलांटीची वरची कमान सपाट झाली. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. सपाट होती.

शिरोरेषा मात्र जशीच्या तशी होती. सलग, कोवळी, काल कोरल्यासारखी. मी कोरलेली. त्या क्षणी मला जगात सगळ्यात जास्त किळस कुणाची आली असेल तर माझी. एका मूर्खाशी वाद नको म्हणून मी रेघ जोडली होती. त्याला मूर्ख म्हणत होते मी.

करवतीचं पातं अंगठीखाली सरकवायला घारीच्या बोटात आणि सोन्यात आता भरपूर जागा होती. मी कापायला लागले. तिच्या खोलीतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग पावलं, घाईची. मग दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं, आणि मऊ आवाजात, दवाखान्यात बोलतात तशा, म्हणालं, "नका करू. विचारा तिला."

मी विचारलं नाही. कापलं.

टिच् असा आवाज झाला. दुसऱ्या बाजूनेही पातं चालवून मी दोन्ही तुकडे मुठीत घेतले. खोलीचं दार उघडून पाहिलं. पलंग, कपाट, पाच पावलं. तिथे कुणी नव्हतं.

घारी जागी झाली होती. तिचा हात मऊ, भरलेला, चोवीस वर्षांचा होता. मी जीवनसत्त्वाची बाटली तिच्या नाकासमोर धरली. "वाच. हे बारीक वाच." तिने चष्म्याशिवाय घडाघडा वाचलं, अगदी किंमत आणि तारखेसकट. मी तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडले. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

"मावशी," माझ्या खांद्यावरून ती म्हणाली, "मुलं कुठे आहेत?"

"कुठली मुलं?"

ती थोडी हसली. मी थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. तिने दोन नावं घेतली, रोज घेतात तशी, भरभर. मग उठून खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. पलंग ओढल्याचा. बाथरूमचं दार, गॅलरीचं दार, पुन्हा कपाट. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी ओळखत नव्हते असं काहीतरी होतं. ती चाळीस वर्षं कुणाची तरी आई होती, आणि आता त्या चेहऱ्याला राहायला एवढंसं कोवळं तोंड उरलं होतं.

"धाकट्याला ताप आहे," ती म्हणाली. "त्याला बाहेर कुणी नेलं? मावशी, खरं सांग. कुणी नेलं?"

मुठीत सोन्याची टोकं रुतत होती. मी मूठ उघडली नाही.

"येतील," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की येतील. तू बस."

तिने विश्वास ठेवला. खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की दूध तेवढं तापवून ठेव, धाकट्याला कोमट लागतं, साय अजिबात चालत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापत ठेवलं, आणि ते कोमट झाल्यावर चमच्याने त्यावरची साय काढायला लागले.